गाडी बंद झाली म्हणजे गाव आलं

माझ्या आईनं आयुष्यभर एसटीनं ये-जा करत नोकरी केली. घर घाटंजीला आणि बदली होईल त्या पंचायत समितीत कारकून. कधी यवतमाळ, कधी मारेगाव. सकाळी डबा, छत्री, पाण्याची बाटली आणि पास घेऊन निघायची आणि गाडीत बसली की पाच मिनिटांत झोपायची. आम्ही विचारायचो, आई, गाव सुटून जाईल ना? तिचं उत्तर ठरलेलं असे. रस्त्यातल्या थांब्यांवर ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही. गाडी थरथरत उभी राहते, लोक चढतात-उतरतात, कंडक्टर घंटी मारतो, पुन्हा निघते. इंजिन बंद होतं ते शेवटच्या स्टँडवरच. "गाडी बंद झाली म्हणजे गाव आलं," ती म्हणायची. "तोवर डोळे उघडायचं काही काम नाही."

हे वाक्य मला पुढे फार छळणार होतं.

आईला काचबिंदू निघाला तेव्हा ती निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि बाबा जाऊनही. यवतमाळच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची. एक डोळा तोवर गेलाच होता. दुसऱ्यानं मधलं तेवढं दिसायचं, नळीतून पाहिल्यासारखं. त्याच दिवशी पुण्याहून भावाचा फोन आला आणि एक करार झाला. करार हा माझा शब्द नाही, आईचाच. जोवर दिसतं तोवर तिनं घाटंजीत आपल्या घरी एकटीनं राहावं. दिसेनासं झालं की पुण्याला भावाकडे. मग वाद घालायचा नाही. आई हो म्हणाली. साक्षीदार मी.

मी यवतमाळला राहते, एका सरकारी कार्यालयात आस्थापनेचं काम करते. घरी दोन खोल्या आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. आईला माझ्याकडे आणायचं मी म्हणून पाहिलं होतं. ती म्हणाली, "तुह्या घरी मी खाटीची दुसरी पेशंट होईन. नाही येत." तिचं चुकत नव्हतं. मग मी माझ्या सवयीप्रमाणे यादी केली: डोळ्यांतल्या थेंबांच्या वेळा, तपासणीचे दिवस, गॅस सिलिंडर, शेजारच्यांचे नंबर. याद्यांवरून घरात माझी चेष्टा होते. पण ऑफिस, सासूबाई, आई आणि स्वयंपाक एकत्र चालवायचं तर दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

तपासणीच्या दिवशी मी घाटंजीला जाऊन आईला घ्यायची, यवतमाळला दाखवायची आणि परत सोडून यायची. जुनी गाडी खटारा झाली म्हणून मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही नवी घेतली. शोरूममधल्या मुलीनं एकेक सोय बोटावर मोजून दाखवली. त्यातली एक अशी, की सिग्नलला थांबलं की इंजिन आपोआप बंद होतं आणि निघताना आपोआप चालू होतं, पेट्रोल वाचतं. मी मान हलवली आणि "पुस्तिकेत नंतर वाचायचे" या सदरात ते टाकून दिलं.

उन्हाळाभर ते कधी झालंच नाही. आमच्याकडे मे महिन्यात एसी पूर्ण फिरवूनही गाडीत पाठ भिजते. पावसाळ्यात काच धुरकटते म्हणून एसी चालू. इंजिन आपलं थांब्यावर एसटीसारखं गुरगुरत राहायचं. आई शेजारच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन डुलक्या काढायची आणि घरासमोर मी किल्ली फिरवली की डोळे उघडून बेल्ट सोडायची. आमच्या घराचं फाटक गाडीच्या डाव्या दारापासून चार पावलं पुढे. ती उतरायची, हात पुढे करून कडी काढायची, आत जायची. मी मागून सामान आणायची. आईचं चाललंय ठीक, असं मी भावाला कळवायची.

डिसेंबर लागला. सकाळी डॉक्टरांनी आईच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध टाकून तपासलं आणि दुपारी आम्ही परत निघालो. ऊन कोवळं होतं, एसीची गरज नव्हती. घाटंजीच्या अलीकडे कापसाच्या जिनिंग मिलजवळ रस्त्याचं सिमेंटचं काम चालू होतं. एकच बाजू सुरू, आणि लाल फडकं घेतलेला एक माणूस आळीपाळीनं वाहनं सोडत होता. कापसाचे दिवस, त्यामुळे जिनिंगला जाणारी रांग लांब. माझ्यापुढे जाळी बांधलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती, शीग लावून कापूस भरलेली. मी ब्रेक दाबला, गाडी न्यूट्रल केली, क्लचवरचा पाय काढला.

आणि इंजिन बंद पडलं.

एकदम शांतता. समोरच्या तबकडीवर हिरवं चिन्ह उजळलं होतं. हे काय नवीन, म्हणून मी वाकून ते पाहत होते तेवढ्यात डावीकडचं दार उघडल्याचा आवाज आला. आईनं बेल्ट काढला होता, पिशवी खांद्याला लावली होती, घराची किल्ली हातात होती. ती उतरली आणि चार पावलं पुढे चालू लागली, कडीसाठी हात पुढे केलेला.

कडेच्या मातीवरून मोटरसायकलवाले रांग चुकवून पुढे घुसत होते. एकानं आईला पाहून गाडी अशी वळवली की त्याचा पाय जमिनीला घासला. "ओ म्याडम, म्हाताऱ्या माणसाले धरा ना!" तो ओरडला. मी दार उघडून धावले. तोवर आईचा हात फाटकाच्या कडीऐवजी ट्रॉलीच्या जाळीतून कापसात मनगटापर्यंत गेला होता.

ती तशीच उभी राहिली. हात काढला नाही. तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं, आणि पुढच्या क्षणी तिनं ते झाकलं तेही पाहिलं.

ट्रॅक्टरवाला वरून ओणवा होऊन म्हणाला, "काहून मावशी, भाव करता काय?"

"भाव कायचा करता, बाप्पा," आई बोटांत कापूस चोळत म्हणाली, "ओला आहे तुमचा कापूस."

"ओला? चार दिस वाळवला, मावशी! तुमीच घ्या जिनिंगमंदी नोकरी, आमाले बरं पडन!"

आजूबाजूचे हसले. आईही हसली. मी तिचा दंड धरून तिला गाडीकडे वळवलं.

गाडीत येऊन बसलो तर गाडी एकसारखी चीं चीं करत होती. समोरून रस्ता मोकळा झाला, मी क्लच दाबला, काही नाही. पुन्हा दाबला. मागून हॉर्न. फडकेवाला जवळ आला. "चला ना म्याडम. धक्का मारू का?" अखेर किल्ली फिरवल्यावर ती चालू झाली.

थोडं पुढे गेल्यावर आई म्हणाली, "त्यानं औषध टाकलं ना डोळ्यात. सगळं धूसर दिसून राह्यलं."

"हाव."

"पण तू गाडी काहून बंद केलती?"

"मी नाही केली. आपोआप झाली. या गाडीत तसं आहे."

"गाव आलं नसतानी?"

"हाव."

गावाजवळचा वाघाडी नदीचा पूल आला तेव्हा चाकांचा आवाज बदलला, आणि तेव्हा तिनं पिशवी नीट मांडीवर घेतली.

औषधानं धूसर दिसतं. पण ट्रॅक्टरच्या जागी फाटक दिसत नाही. हे मला रस्त्यातच कळलं होतं, तरी घरी पोचेपर्यंत मी त्यावर दुसरं काहीतरी स्पष्टीकरण शोधत होते. घरात आई सरळ चालत गेली, गॅसपाशी पोचली, चहाचं भांडं, साखर, पत्ती, सगळ्यावर हात बरोबर. थेंबांच्या दोन सारख्या बाटल्या फळीवर होत्या, एकीच्या मानेला दोरा बांधलेला. तो दोरा मी कितीतरी वेळा पाहिला होता आणि तिच्या व्यवस्थितपणाचं कौतुक केलं होतं. माझ्यात तोच गुण आलाय, असंही लोकांना सांगितलं होतं.

चहाचे कप घेऊन ती बाहेर आली आणि उंबऱ्याशी मी ठेवलेल्या माझ्या पर्सला तिचा पाय अडखळला. पांढऱ्या फरशीवर लाल पर्स, दारातून थेट ऊन. चहा सांडला.

"इथं काय ठेवलं कोणं?" ती म्हणाली.

मी कप तिच्या हातातून घेतले. "आई, तुले किती दिसते?"

"पाहिजे तितकं."

"आई."

ती बाजेवर बसली. पदराला हात पुसले. "दिवस आहे का रात्र, तेवढं समजते."

"कवापासून?"

"दसऱ्याच्या मागंपुढं."

"मंग आज डॉक्टरकडं पाटी कशी वाचली?"

"आपण बाहेर बसतो ना. आपल्या आधीचे सगळे तीच पाटी मोठ्यानं वाचतात." आणि मग, जरा अभिमानानंच, "शेवटची ओळ मी मुद्दाम चुकवतो. सगळीच वाचली तर त्याले शंका येईन."

मला हसू आलं. दसरा ते डिसेंबर ती एकटी या घरात गॅस पेटवत होती, भाकरी थापत होती, मागच्या विहिरीपाशी कपडे वाळत घालत होती. लायटरचा आवाज, जाळाची ऊब, भाकरी फुगल्याचा वास. घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी असण्याचं कारण मला आज कळत होतं.

"त्याले सांगू नको," ती म्हणाली. त्याले म्हणजे भावाला. "पुण्याच्या त्या घरात मले एकही भिंत माहीत नाही. इथं मी दिसत नसलं तरी पाहतो. तिथं मी आंधळी होईन."

मी सांडलेला चहा पुसला आणि यवतमाळला परत निघाले.

एखाद्या गोष्टीचं काय करायचं ते कळत नसलं की मी तिच्या शेजारची, करता येण्यासारखी गोष्ट उचलते. रविवारी गाडीची पुस्तिका घेऊन बसले. गाडी थांबली, गियर न्यूट्रलला आला, क्लच सुटला, की गाडीतला छोटा संगणक आधी काही गोष्टी तपासतो. बॅटरीत पुन्हा इंजिन फिरवण्याइतका जोर आहे का. इंजिन पुरेसं तापलंय का. आतली हवा हवी तेवढी थंड आहे का, की एसीला अजून इंजिन लागणार आहे. चालकाचा बेल्ट लावलेला आहे का, दार आणि बॉनेट बंद आहे का. सगळं मनासारखं असलं की तो इंधन तोडतो. दिवे, रेडिओ बॅटरीवर चालू राहतात. क्लच दाबला की नेहमीपेक्षा दणकट स्टार्टर इंजिनाला चटकन फिरवतो. मात्र मधेच चालकानं बेल्ट काढून दार उघडलं, तर माणूस उतरला असं समजून तो आपणहून चालू करत नाही, किल्लीच लागते. त्या दिवशी मी आईमागे धावले तेव्हा नेमकं हेच झालं होतं. उन्हाळाभर हे का झालं नाही तेही कळलं. एसीनं इंजिनाला सोडलंच नव्हतं.

सर्व्हिसिंगच्या ठिकाणी गेले. "हे कायमचं बंद करून द्या," मी काउंटरवरच्या माणसाला म्हटलं.

"नाही होत, म्याडम. हे बटण आहे ना, ते दाबायचं."

"ते दाबते. पण दुसऱ्या वेळी किल्ली फिरवली की पुन्हा सुरू होतं."

"हाव. कंपनीनंच तसं ठेवलं. दर वेळी दाबाचं." मग समजुतीच्या सुरात, "लोकांले आवडते, म्याडम. पेट्रोल वाचते."

पुढच्या खेपेला मी हे सगळं आईला समजावलं. तिनं पंचायत समितीत परिपत्रक समजून घ्यावं तसं एकेक कलम विचारून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे क्लच सुटल्याचा आवाज आला की समजायचं, बंद होईन. आणि दाबल्याचा आला की चालू. जमते मले." आम्ही सराव करायला निघालो. खरंच. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर मी गाडी चालवायची, थांबवायची, आणि आईनं सांगायचं. पहिल्यांदा गाडी बंद झाली. "झाली," आई खुशीत म्हणाली. दुसऱ्यांदा तिनं कान लावला, क्लच सुटला, इंजिन चालूच राहिलं. तिसऱ्यांदाही चालूच. चौथ्यांदा थांबल्याबरोबर बंद.

"हे काय?" आई म्हणाली.

"बॅटरी कमी भरली असेल. नाहीतर..." मला नक्की माहीत नव्हतं. पुस्तिकेत कारणं दिली होती, पण त्या क्षणी त्यातलं कोणतं लागू आहे ते गाडी सांगत नव्हती.

"दर वेळी बंद झाली असती तर मी तसं धरून चालली असती," आई सावकाश म्हणाली. "कधीच नसती झाली तरी चाललं असतं. हे असं असन, तर मी कुठं हाव हे मले कसं समजन?"

मी गाडी वळवली. त्या दिवसापासून किल्ली फिरवली की आधी ते बटण, मग बेल्ट, असा क्रम मी हाताला लावून घेतला.

बाकीच्या गोष्टी अशा हाताला लागेनात. डॉक्टरांना आईच्या पाठीमागे फोन केला. नस पाहता एवढं वाचता यायला नको होतं, असं त्यांना वाटायचंच, म्हणाले. थेंब चालू ठेवा, दाब वाढून डोळा दुखू नये म्हणून. नजरेसाठी आता काही नाही. आईसोबत राहायला बाई शोधली. जवळच्या बंजारा तांड्यावरची एक बाई तिच्याकडे ताक आणून द्यायची, आईला याडी म्हणायची, म्हणजे त्यांच्या बोलीत आईच. तिला विचारलं. ती अंगणात उभ्याउभ्याच म्हणाली, "कापसाची वेचणी टाकून कशी येऊ, ताई? सगळ्या बाया वावरात हायेत. होळी होऊ द्या, मंग याडीपाशी मीच झोपत जाईन." होळी लांब होती. दुसऱ्या दोन बायांनीही वेचणीचंच सांगितलं. डिसेंबरात आमच्या जिल्ह्यात घरात बसायला रिकामी बाई मिळत नाही. मी सुट्टीचा अर्ज लिहिला आणि सासूबाईंची खाट पाहून फाडला. यादीतली एकेक ओळ खोडत गेले. शेवटी राहिली ती भावाला सांगायची ओळ. ती मी लिहिलीच नव्हती.

ते काम आईनंच केलं.

त्या रविवारी मी घाटंजीत होते. नवऱ्याच्या मित्राकडचा कार्यक्रम आटोपून परस्पर आलेली, खळ घातलेली सुती साडी अंगावर. भावाचा व्हिडिओ कॉल माझ्या फोनवर आला. आईसाठी खोली तयार करून ठेवली होती, कधी लागेल तेव्हा लागेल, ती त्याला दाखवायची होती. मी फोन आम्हा दोघींसमोर धरला.

"आई, हे कपाट पाहाय. तुह्यासाठी घेतलं."

"मस्त आहे रे. मोठं दिसते."

"दिसते ना नीट?"

"हाव ना!" आई म्हणाली, आणि तिथं थांबली असती तर झालं असतं. पण तिला त्याची पक्की खात्री करून द्यायची होती. तिनं माझ्याकडं तोंड केलं, मी आल्यापासून तिला साडीच्या खळीची सळसळ ऐकू येत होतीच. "तुही ताई पाहाय कशी नटून आली. मी दिवाळीले देल्ली ती पिवळी साडी नेसून. नवरीवाणी दिसून राह्यली."

माझी साडी हिरवी होती. गर्द हिरवी. आणि मी त्या पडद्यात पूर्ण दिसत होते.

मला फोन खाली करायला वेळ होता असं नंतर वाटलं. तेव्हा नव्हता. भाऊ माझ्या साडीकडे पाहत होता, मी त्याच्या चेहऱ्याकडे, आणि आई आम्हा दोघांच्या मधे, प्रसन्न चेहऱ्यानं, फोनच्या थोडं वर.

"ताई," तो म्हणाला, "फोन घेऊन जरा अंगणात ये."

अंगणात मी त्याला सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर भांडता आलं असतं. "घरात गॅस आहे, ताई," तो म्हणाला. "मागं उघडी विहीर आहे. तू सांग, काय करू?"

मी फोन ठेवला. आत आले तेव्हा आई बाजेवर तशीच बसली होती.

"कोणत्या रंगाची आहे?" तिनं विचारलं.

"हिरवी."

"खळीनं फसवलं," ती म्हणाली. करारात वाद घालायचा नाही असं ठरलं होतं, आणि आईनं नोकरीतही ठरलेलं कधी मोडलं नव्हतं.

संक्रांत झाल्यावर भाऊ आला. यवतमाळहून संध्याकाळी पुण्याची ट्रॅव्हल्स होती, तिथवर मी पोचवणार होते. सकाळपासून तो माझीच गाडी घेऊन फिरत होता: बँक, गॅसचं कनेक्शन, विजेचं बिल. दुपारी सामान भरलं. तांड्यावरची बाई वावरातून तशीच आली होती, कमरेच्या ओट्यात वेचलेला कापूस अजून बांधलेला. ती आईच्या पाया पडली आणि "याडी, मी होळीले येणारच होती," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आईनं थेंबांच्या बाटल्या स्वतः घेतल्या, दोरा तपासला. निघताना भावानं सामान काढायला सरकवलेलं स्टूल तिच्या पायाला लागलं. तिनं ते उचलून भिंतीशी, त्याच्या जागी नेऊन ठेवलं आणि मग बाहेर आली.

भाऊ मागे बसला, आई माझ्या शेजारी. मी किल्ली फिरवली आणि हात सवयीनं बटणाकडे गेला.

"आज ते दाबू नको," आई म्हणाली.

"काहून?"

"राहू दे."

जिनिंगजवळ रस्ता अजून तसाच अर्धा होता. फडकेवालाही तोच. त्यानं आमच्या समोरच लाल फडकं आडवं केलं. मी गाडी थांबवली, न्यूट्रल केली. पाय उचलण्यापूर्वी मनात आलं की आज बॅटरी भरलेली असू दे, इंजिन तापलेलं असू दे, त्याला जे जे लागतं ते सगळं असू दे. पाय उचलला.

इंजिन बंद झालं.

भाऊ मागून काही बोलणार होता, मी मागे हात केला. आईनं काच खाली घेतली. जिनिंगच्या पट्ट्याची घरघर येत होती. कोणीतरी कोणालातरी बैलावरून शिव्या देत होतं. एक बाई ओरडून विचारत होती, बाजार उठला का. ट्रॉलीवरून उडालेल्या कापसाचा वास, ओल्या सिमेंटचा वास. आईनं मान जराशी वाकडी केली होती, पंचायत समितीत टेबलापलीकडचं कोणी हळू बोलत असलं की करायची तशी. तिचा डावा हात दाराच्या कडीवर गेला. मी पाहत होते. तिनं कडी ओढली नाही. हातही काढला नाही. बोटं तिच्याभोवती मिटून ती बसून राहिली.

समोरची वाहनं संपली. फडकेवाल्यानं लाल फडकं खाली करून हिरवं दाखवलं.

मी पाहिलं आणि पाय हलवला नाही. मागून एक हॉर्न वाजला, मग दुसरा. फडकेवाला जवळ येऊ लागला. त्यानं मला ओळखलं असावं. लांबूनच ओरडला, "काय म्याडम, आजबी धक्का लागते काय?"

"ताई," भाऊ मागून हळूच म्हणाला, "मागचे थांबले आहेत."

"चल," आई म्हणाली. तिनं काच वर केली, पण हात कडीवरच ठेवला.

मी क्लच दाबला. गाडी आपोआप सुरू झाली.